सावलीतलं पान

आमच्या घरामागे एक अरुंद पट्टा आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची, आणि वर शेजाऱ्यांच्याच मोठ्या झाडांच्या फांद्या. वर्षातले बरेच महिने तिथे ऊन पोचत नाही. ताईने फार पूर्वी तिथे एक गुलाब लावला होता. तो जगला नाही आणि धड मेलाही नाही. नुसता रुसल्यासारखा उभा राहिला, आणि एके दिवशी तिनेच वैतागून त्याला उपटला. त्यानंतर त्या जागेला आमच्या घरात 'मागचं' एवढंच नाव राहिलं. नको असलेलं सगळं मागे जायचं.

ताई माझी थोरली बहीण. तिने सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात केली, शेवटी तिथली मुख्य परिचारिका झाली. मी छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. तिने लग्न केलं नाही. मी केलं आणि मागे एकटा उरलो. आता आम्ही दोघं एकत्र राहतो. तिचा आवाज चार खोल्यांना पुरतो, माझा मलासुद्धा पुरत नाही. लहानपणापासून ती मला 'किड्या' म्हणते, म्हणजे पुस्तकातला किडा. पाहुण्यांसमोरही म्हणते, आणि मी ओ देतो.

ताई मागच्याच पट्ट्यात पडली. गटारात पानं अडकून पाणी तुंबलं होतं, आणि मी मजकूर संपवून उठेपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवाळावरून पाय गेला. खुब्याच्या हाडाला तडा गेला. बरेच दिवस ती अंथरुणावर होती, म्हणजे अंथरुणावरून घर चालवत होती. उठली तेव्हा हातात काठी आली आणि डॉक्टरांचं एक वाक्य मागे लागलं: रोज चाला, नाहीतर सांधा आखडेल.

चालायचं कुठे? पुढच्या दाराला पायऱ्या, त्यापुढे उताराचा रस्ता आणि वाहनं. मागचं दार मात्र जमिनीच्या पातळीत उघडतं.

"मागे फरशी घालून घेऊ," ताई म्हणाली. "भिंतीपासून भिंतीपर्यंत, सरसकट. शेवाळ नको आणि चिखलही नको."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी मान हलवणार होतो. तोंडातून निघालं, "एवढ्यात नको."

ताईने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तो 'नको' माझा आहे की बाहेरून कुणी ओरडलं, हे ती बघत होती.

कारण असं होतं की त्याच आठवड्यात मी तिथे बी पेरलं होतं. आमच्या छापखान्यातला जुना बाइंडर आता गावाबाहेर रानाच्या कडेला राहतो. त्याने मला एक कागदाची पुडी दिली होती. रानात झाडांखाली उगवणाऱ्या फुलांचं बी होतं. पुडीची घडी अशी की उघडताना हात कचरावा. तो म्हणाला, "याला ऊन सोसत नाही, गर्दी सोसत नाही, आणि कुणी फार लक्ष दिलं की मरतं. तुझ्यासारखंच आहे. जमेल तुमचं."

मी आयुष्यात काही पेरलं नव्हतं. पण वाचता येत होतं, म्हणून वाचलं. शेजाऱ्यांच्या झाडांची पानं भिंतीलगत वर्षानुवर्षं साचून काळी झाली होती. ती गोळा करून चाळली. चाळण स्वयंपाकघरातली होती, हे ताईला त्याच दिवशी कळलं. त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. चाळलेल्या मातीचा वाफा शेजाऱ्यांच्या भिंतीकडेने केला. बी मोहरीहून बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून चिमटीने टाकलं, लाकडी फळीने हलकेच दाबलं, वर झाकल्यासारखं करण्यापुरती माती भुरभुरवली. झारीने पाणी दिलं. मग काहीच नाही. थंडी अंगावरून गेल्याशिवाय ते बी जागं होत नाही, असं पुस्तकात होतं.

"थंडी संपेपर्यंत थांबते," ताई म्हणाली. "तोवर घरात चालेन."

आणि ती घरात चालू लागली. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत, दारापासून पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत. वळायला जागा नव्हती; प्रत्येक वेळी भिंतीला हात लावून ती तीन-चार पावलांत कशीबशी फिरायची. मी माझ्या खोलीत पुस्तक धरून बसायचो आणि काठीचा आवाज मोजत नसल्याचं सोंग करायचो. फरशी घातली असती तर ती आता मागे मोकळ्या हवेत चालली असती. त्याऐवजी तिथे ओल्या मातीचा एक तुकडा होता, आणि मी रोज जाऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसत होतो.

"काय रे, माती वाचतोस काय?" दारातून ताई विचारायची. "कुठवर आलं?"

"अजून प्रस्तावनाही नाही."

"लेखक आळशी दिसतोय."

थंडी सरत आली आणि एका सकाळी वाफ्यात हिरवं दिसलं. जोडीजोडीने आलेली, गोल, जाडसर, चकचकीत पानं. मी पुस्तकातलं चित्र आणून शेजारी धरलं. चित्रातल्या झाडाची पानं पिसासारखी कातरलेली, नाजूक होती. वाफ्यातली कुठल्याही अंगाने तशी नव्हती.

छापलेल्या पानावर नजर टाकली की मला मजकूर दिसायच्या आधी चूक दिसते. सवयच ती. इथेही तेच झालं. हे तण आहे, जागा चुकून आलंय, असं मी ठरवलं आणि चिमटा घेऊन बसलो. काही दिवस मी हेच काम केलं. एकेक गोल जोडी मुळासकट अलगद काढायची, पुढच्या ओळीवर जायचं. वाफा इतका स्वच्छ झाला की छापखान्यात असतो तर मालकांनी पाठ थोपटली असती. त्या दिवसांत मी थोडा खूशही होतो. हे काम आपल्याला जमतं आहे असं वाटत होतं.

मग एका वाळक्या पानाखाली लपून राहिलेली एक जोडी हाती लागली. चिमटा तिच्यापर्यंत नेला आणि थांबलो. दोन गोल पानांच्या मधून तिसरं पान निघालं होतं. एवढंसं, घडी न उलगडलेलं. पण त्याच्या कडा कातरलेल्या होत्या, पिसासारख्या.

कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर नुसतं नाव असतं. त्याखाली सगळं कोरं. ते बघून कुणी म्हणत नाही की यात मजकूरच नाही. मी हजारो पुस्तकांची पहिली पानं पाहिली होती. रोपालाही पहिलं पान असतं आणि खरं पान मागून येतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. मी नावाची पानं बघून सगळं पुस्तकच फाडत बसलो होतो.

ताई दारात आली तेव्हा मी स्टुलावर तसाच बसलेलो होतो. काय झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हसायला लागली. काठी भिंतीला टेकवून, डोळ्यांना पदर लावून हसली.

"अरे किड्या, माझ्या वॉर्डात यायला हवं होतंस तू! जन्मलेलं पोर कधी बापासारखं दिसतं का? लाल, सुरकुतलेलं, डोकं लांबट. प्रत्येक बाप येऊन तोंड पाडायचा. मी म्हणायची, जरा थांबा, येतील नाकडोळे. पण एकानेही चिमटा नाही रे आणला!"

मी चिमटा खाली ठेवला. तेव्हा ती वाकली. तिला वाकायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे. वाफ्याकडे बघत तिने विचारलं, "सगळी काढलीस?"

"बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील."

"मग त्यांना फुलू दे. मी चालेन घरात. पण फुललं की फरशी, आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

"मी एरवीही उघडत नाही."

"म्हणूनच भीती वाटते. फरशीच्या वेळी उघडलंस."

त्या वर्षी फूल आलं नाही, नुसती पानं आली आणि उन्हाळ्यात तीही मातीत विरून गेली. ती मेली असं मी ताईला सांगून टाकलं. पुढच्या थंडीनंतर ती पुन्हा वर आली, जरा मोठी होऊन. त्याहीपुढच्या वर्षी, झाडं निष्पर्ण होती आणि फांद्यांमधून ऊन खाली पोचत होतं अशा दिवसांत, त्यांतलं एक रोप फुललं. शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल, आत निळ्या रेघा. या फुलांचं सगळं त्या थोड्या दिवसांत उरकतं. वर पालवी दाटली, सावली पडली, की ती आपलं आवरतं घेतात. मी ताईला हाक मारली, पण ती येईपर्यंत पाऊस आला आणि पाकळ्या गळून गेल्या.

"म्हणजे फुललं?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "हो, फुललं," मी म्हणालो.

ती वाफ्याकडे एकदा बघून आत गेली. पायाला त्या सुमारास जरा आराम होता, म्हणून फरशीचा विषय मागे पडला असावा. मी त्या फुलाचं बी तयार होताच, वाळू न देता, त्याच दिवशी पेरलं. पुढच्या थंडीनंतर वाफाभर गोल पानं उठली. मी चिमटा ताईच्या कपाटात नेऊन ठेवला. बाकीची रोपंही फुलली, त्यांचंही बी पेरलं. असं होत होत शेजाऱ्यांच्या भिंतीकडचा सगळा भाग भरला आणि हिरवं पट्ट्याच्या मध्यापर्यंत सरकलं. चिमूटभर बियांपासून एवढं झालं होतं, आणि ते मी केलं होतं. हे वाक्य मनातल्या मनात म्हणतानाही मी आजूबाजूला बघायचो.

मग डॉक्टरांनी ताईचा पाय वाकवून पाहिला आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. सांधा आखडत चालला होता. घरातल्या घरात चालणं पुरत नव्हतं, आणि ती वळते ती पद्धत तर आणखी वाईट होती. आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना ताई म्हणाली, "फरशीवाल्याला बोलावलंय. उद्या येईल."

तिच्या आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं.

फरशीवाला सकाळीच आला. गोल चेहऱ्याचा, बोलका. दोरीचं रीळ खांद्याला अडकवलेलं. "काय मावशी, कुठे घालायची? काका, जरा बाजूला होता का?" असं म्हणून त्याने आम्हा सख्ख्या भावंडांतल्या एकाला बापाकडचं आणि एकीला आईकडचं करून टाकलं. पट्ट्यावरून नजर फिरवत तो म्हणाला, "सोपं आहे. हा पालापाचोळा उचलू, खाली सिमेंटचा थर, वर फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत. पाणी मारलं की आरसा!"

आणि त्याने पाय पुढे टाकला. बुटाचं टोक वाफ्याच्या कडेवर आलं. तिथे कळ्या होत्या. दोनचार दिवसांत उमलल्या असत्या.

"थांबा," मी म्हणालो.

तो थांबला. ताईने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायचं नाही, हे ठरलेलं होतं. ते मी मोडलं आणि आता पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ताईला चालायला जागा हवी आणि ती तिला मिळायलाच हवी. ते खोडता येत नव्हतं, आणि मला खोडायचंही नव्हतं.

"दोरी द्या जरा," मी म्हणालो.

"काका, माप मी घेतो की."

"द्या तर."

छापखान्यात पान लावताना मी खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभा राहायचो. मजकूर कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत कुणी लावत नाही. चहूबाजूंनी समास सोडतात. बांधणीकडचा लहान, बाहेरचा मोठा, खालचा सगळ्यांत मोठा. मी गुडघ्यांवर बसलो आणि दोरी ताणली. आमच्या भिंतीलगत वीतभर माती सोडली, हा आतला समास. त्यानंतर वाट. वाटेच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत सगळा बाहेरचा समास, फुलांचा. पट्ट्याच्या टोकाला वाट रुंद केली, म्हणजे भिंत न धरता सावकाश वळता येईल.

"ही वाट," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठा लागला असावा. "फक्त एवढी. आणि सिमेंट नको. त्याचा चुना पाण्याबरोबर मातीत उतरतो. खडबडीत दगडी फरशी घ्या, घसरायची नाही, आणि वाळू ठोकून तिच्यावर बसवा. कडेला उभे दगड लावा म्हणजे सरकणार नाही."

"बिनसिमेंटची?" फरशीवाल्याने ताईकडे बघत विचारलं. "काका, कुठे पाहिलीत अशी?"

"वाचलंय."

"वाचलंय! मावशी, हे वाचलंय म्हणतात."

"मग खरं असेल," ताई म्हणाली. "दुसरं केलंय काय त्याने जन्मभर?" मग ती पुढे आली आणि दोन दोऱ्यांच्या मध्ये उभी राहिली. काठी बाजूला धरली, कोपर बाहेर काढलं. "किड्या, अरुंद आहे. मी पडायला लागले तर धरायला माणूस शेजारी मावायला हवा. आमच्या वॉर्डात पहिलं तेच बघायचो."

तिचं बरोबर होतं. वाट रुंद करायची तर दोरी फुलांकडे सरकवावी लागणार होती, पुढच्या रोपांच्या पलीकडे. या रोपांची मुळं खोल जातात आणि हलवलेलं त्यांना आवडत नाही. मी दोरीकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं. मग दोरी उचलली आणि दोघांना शेजारी चालता येईल एवढी पलीकडे नेऊन टाकली.

"एक दिवस द्या," मी फरशीवाल्याला म्हणालो. "मधली मी काढून घेतो."

"घ्या. वाळू आणायला मला तेवढा लागेलच," तो म्हणाला. जाताना डोकं खाजवत हसला. "बिनसिमेंटची. बघूच!"

तो सगळा दिवस मी चमच्याने रोपं काढत होतो, मातीच्या गोळ्यासकट. ताई स्टुलावर बसून मांडीवर ताट धरून होती. प्रत्येक गोळा मी तिच्याकडे दिला की ती दोन्ही हातांनी घ्यायची, मानेखाली हात घातल्यासारखा, आणि ताटात ठेवायची. इतकी वर्षं तिने काय केलं असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बोलली मात्र एकदाच.

"यातली जगतील का रे?"

"सगळी नाही."

"आमचीही सगळी नाही जगायची," ती म्हणाली आणि पुढच्या गोळ्यासाठी हात पुढे केले.

काही मेली. बरीच जगली.

फरशीवाल्याने वाट झकास बसवली. काम संपल्यावर ताईने प्रत्येक दगडावर काठी आपटून पाहिली. दोन हलले, ते तिने उचलून पुन्हा बसवायला लावले. तो कुरकुरला नाही. शेवटी स्वतःच वाटेवरून एक फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "काका, दिसते बाकी छान. एका गिऱ्हाईकाकडे अशीच सुचवू का?" मी सुचवा म्हणालो, आणि मग वाळूचा थर किती जाड हवा ते त्याला पुन्हा समजावलं, जे त्यानेच नुकतं केलं होतं.

कळ्या त्याच आठवड्यात उमलल्या. झाडांना अजून पालवी नव्हती. ऊन फांद्यांतून गाळून खाली येत होतं, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत सगळा समास पांढरा झाला होता. ताई रोज सकाळी आणि संध्याकाळी चालते. टोकाला जाऊन ती भिंतीला हात न लावता वळते. पाय सुधारतो आहे, असं डॉक्टर म्हणाले. कशाने, ते त्यांनी विचारलं नाही. मला सांगावंसं वाटत होतं.

रविवारी तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, वॉर्डातल्या. त्या आल्या की मी खोलीत जातो, हे ठरलेलं. पुस्तक उघडलंही होतं.

"किड्या, मागे ये!"

गेलो. त्या सगळ्या वाटेवर ओळीने उभ्या होत्या आणि ताई टोकाच्या रुंद जागेत, काठीवर दोन्ही हात ठेवून, वॉर्डात फेरीला निघाल्यासारखी.

"हा माझा भाऊ," ती त्यांना म्हणाली, जणू त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या. "हे सगळं याने बियांपासून वाढवलंय. वाटही यानेच आखली. मध्ये बरीचशी उपटली होती बावळटाने, पण पुन्हा वाढवली."

त्या हसल्या. त्यांच्यातल्या एकीने खाली वाकून एका फुलाला बोट लावलं आणि मला विचारलं, "आमच्याकडे सावलीत काहीच येत नाही हो. तुमचं आलं कसं?"

खोलीत पुस्तक उघडं पडलं होतं. मी तोंड उघडलं. चाळणीपासून सुरुवात केली. बियांना थंडी का हवी ते सांगितलं, पहिली पानं आणि खरी पानं यांतला फरक बोटांनी दाखवला, बी वाळू द्यायचं नाही हे दोनदा सांगितलं. मध्ये कुणीतरी एक प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर मला येत होतं. ताईने एकदाही मला तोडलं नाही. मी थांबलो तेव्हा आतला चहा गार झाला होता आणि त्यांच्यातल्या दोघी बी मागत होत्या.

मी चांगलं बोललो. मला वाटतं, बरंच चांगलं बोललो.